निवेदन दिलं, पुढे काय? मुलांच्या मानसिक आरोग्याची मागणी शाळेतून मंत्रालयापर्यंत नेताना

मराठवाड्यात निवेदनांची टंचाई कधीच नव्हती. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आटोपून पालकमंत्री गाडीकडे वळले की चारही बाजूंनी कागद पुढे येतात. ‘शालेय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी ठोस धोरण राबवावे’ असा एखादा कागदही त्यात असतो. पीए तो घेतात, फोटो निघतो, आणि कागद ‘उचित कार्यवाहीस्तव’ असा शेरा घेऊन कुठल्यातरी विभागात जातो. उचित कार्यवाही म्हणजे नेमकी कोणती, हे निवेदनातच नसतं. मग कारकुनाने तरी काय करावं? तो कागद फाइलला लावतो.

हा लेख पालकांसाठी, शिक्षकांसाठी, शाळा व्यवस्थापन समितीतल्या सदस्यांसाठी आणि गावपातळीवर काम करणाऱ्यांसाठी आहे. माझं म्हणणं इतकंच की ‘धोरण करा’ असं मागू नका. धोरण बरंचसं झालेलं आहे. कायदे आहेत, शासन निर्णय आहेत, आता सर्वोच्च न्यायालयाचे निर्देशही आहेत. मागायचं ते पद, त्या पदाचा पैसा, तारीख आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम. या चार गोष्टी कागदावर असल्या की त्यावर कार्यालयात टिपणी लिहावीच लागते. टिपणी सुरू झाली की फाइल चालते.

पहिली पायरी: कोणत्या मुलाबद्दल बोलताय ते ठरवा

‘मुलांचं मानसिक आरोग्य’ नावाचं टेबल कुठल्याच कार्यालयात नाही. मुलं वेगवेगळी आहेत आणि त्यांची टेबलंही वेगवेगळी.

बीड जिल्ह्यातल्या धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागात दसरा झाला की कोयता निघतो, म्हणजे आईबाप ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, त्यामुळे जाणं टळत नाही. पोरगं एकतर फडावर जातं, नाहीतर आजीजवळ राहतं, नाहीतर गावातल्या हंगामी वसतिगृहात जेवतं-झोपतं. पाच-सहा महिने आईबाप नाहीत. सहावीतली पोरगी धाकट्या भावाची आई होऊन बसते. तिच्यासाठी मागायचं तर शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि समग्र शिक्षा या शालेय शिक्षण योजनेच्या कार्यालयाकडे जावं लागतं.

शेतकरी आत्महत्या झालेल्या घरातलं मूल हा वेगळा विषय आहे. तिथे महिला व बालविकास विभाग येतो. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात, आणि आई किंवा वडील यांपैकी एकच गेलं असलं तरी अर्ज करता येतो. आरोग्य विभागाचा प्रेरणा प्रकल्प २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी सुरू झाला, त्यात आपले आठही जिल्हे आले. त्यात आशाताई घरोघर जाऊन ताणाखाली असलेला शेतकरी ओळखतात. त्याच घरातल्या सातवीतल्या पोराची विचारपूस कोणी करायची आणि नोंद कुठे ठेवायची, ही स्वतंत्र मागणी होऊ शकते. तिच्यावर खर्चही फारसा नाही.

लातूर-नांदेडला खोली करून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ‘नीट’ देणारा मुलगा हा तिसरा विषय. तिथे कोचिंग क्लास, खासगी वसतिगृह आणि मेस अशी साखळी आहे. शाळेच्या शिक्षणाधिकाऱ्याचा तिथे हात पोचत नाही, जिल्हाधिकाऱ्यांचा पोचतो.

अक्षरं उलटी दिसणारं, गणितात अडणारं, म्हणून मठ्ठ ठरवलं गेलेलं पोरगं हा चौथा. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आलेली आहे. दहावीच्या सवलतीसाठी दाखला लागतो, आणि दाखल्यासाठी पालकांना किती लांब जावं लागतं एवढा एकच मुद्दा घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाता येतं.

यातलं एक निवडा. चारही विषय एका निवेदनात घातले की चार विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात आणि उत्तर कोणीच देत नाही.

दुसरी पायरी: हातात कोणते कागद हवेत

इथे वेळ घालवा. अधिकाऱ्यासमोर बसल्यावर ‘साहेब, मुलांचं फार वाईट चाललंय’ याला उत्तर नसतं. ‘साहेब, या निर्देशाची आपल्या जिल्ह्यात अंमलबजावणी कोणत्या तारखेला झाली?’ याला उत्तर द्यावं लागतं.

सर्वांत जड कागद सर्वोच्च न्यायालयाचा आहे. २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांनी पंधरा निर्देश दिले. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या तपासावरून हे प्रकरण उभं राहिलं होतं. निकालात २०२२ मधला देशातल्या विद्यार्थी आत्महत्यांचा आकडा आहे, १३,०४४. त्या वर्षी राज्यांमध्ये महाराष्ट्र सर्वांत वर होता, १,७६४. हे निर्देश सरकारी-खासगी शाळा, महाविद्यालयं, कोचिंग, वसतिगृहं अशा सगळ्यांना लागू आहेत आणि याविषयी कायदा होईपर्यंत बंधनकारक आहेत. आपल्या कामाचे मुद्दे असे: शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करायची. कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण. टेली-मानससह हेल्पलाइनचे क्रमांक वर्गात आणि वसतिगृहात ठळक अक्षरांत. गुणांवरून तुकड्या पाडणं आणि चारचौघांत अपमान करणं शक्यतो टाळायचं. आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती.

‘शंभर विद्यार्थी’ हा आकडा नीट बघा. आपल्याकडच्या तांड्यावरच्या, वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत कित्येकदा तीस-चाळीस पोरं असतात. म्हणजे ‘प्रत्येक शाळेत समुपदेशक द्या’ ही मागणी याच निर्देशाचा आधार घेऊन नाकारता येते. मागणी केंद्राच्या पातळीवर न्या. आठ-दहा शाळांचं एक केंद्र असतं, त्याला केंद्रप्रमुख असतो. राज्यात केंद्रप्रमुखांची ४,८६० पदं आहेत. ‘केंद्रनिहाय एक समुपदेशक, आठवड्याचा ठरलेला वार, केंद्रशाळेत एक खोली’ असं मागितलं तर लहान शाळांची ‘बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडणी’ होते. शंभरच्या वरच्या शाळांची स्वतःच्या समुपदेशकाची मागणी मात्र त्याने संपत नाही.

दुसरा कागद मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. कलम १८ प्रमाणे शासकीय खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि त्यात मुलांसाठीची सेवाही येते. कायद्याने ठरवलेली किमान सेवा जिल्ह्यात नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या केंद्रात उपचार घेता येतात आणि खर्च शासनाने उचलायचा, असं कायदा म्हणतो. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. आपल्याकडे आधार आहे तो वैद्यकीय महाविद्यालयांचा, म्हणजे घाटी (संभाजीनगरचं शासकीय रुग्णालय), अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथला, आणि जिल्हा रुग्णालयात बसणाऱ्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाचा.

तिसरा, शिक्षण हक्क कायदा, २००९. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करतं. कलम २९ मध्ये मूल भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त राहावं असं स्पष्ट आहे. कलम २१ शाळा व्यवस्थापन समितीचं, कलम २२ शाळा विकास आराखड्याचं, कलम ३२ तक्रारीचं.

उरलेले कागद झरझर सांगतो. आयुष्मान भारतखालच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक ‘आरोग्यदूत’ म्हणून नेमायचे आहेत आणि भावनिक-मानसिक आरोग्य हा त्यांच्या विषयांपैकी एक आहे. २०२२ च्या राज्य शासन निर्णयाने शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आली. २०२२ च्याच राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंधक धोरणात आठ वर्षांत सर्व शिक्षणसंस्थांत मानसिक स्वास्थ्याचा अभ्यासक्रम नेण्याचं उद्दिष्ट आहे. हे सगळं एकाच निवेदनाला जोडायचं नाही. विषयाला लागेल ते एखाद-दुसरं जोडा, बाकीचं पिशवीत असू द्या.

तिसरी पायरी: आपल्या तालुक्याचे आकडे

राज्याचे आकडे वर्तमानपत्रातही मिळतात. आपल्या तालुक्याचे आकडे अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवलेत तर बैठकीचा सूरच बदलतो. ते आकडे माहिती अधिकारातून काढायचे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. ऑनलाइनही भरता येतो. मजकूर साधारण असा:

‘प्रति, जन माहिती अधिकारी, शिक्षण विभाग (माध्यमिक), जिल्हा परिषद. विषय: शाळांमधील समुपदेशन सेवा. कालावधी: मागील दोन शैक्षणिक वर्षे. (१) तालुक्यातील शंभर व त्याहून अधिक पट असलेल्या शाळांची यादी. (२) यांपैकी समुपदेशक नियुक्त असलेल्या शाळा व त्यांची नियुक्तीपत्रे. (३) मा. सर्वोच्च न्यायालयाच्या दि. २५/०७/२०२५ च्या निकालाबाबत आपल्या कार्यालयाने शाळांना पाठविलेल्या पत्रांच्या प्रती. (४) मानसिक आरोग्यविषयक शिक्षक प्रशिक्षणांच्या तारखा व उपस्थितीपत्रके.’

यात ‘का नाही?’ असा प्रश्न कुठेही नाही. माहिती अधिकारात कारणं मागितली की ‘मत मागितले आहे’ म्हणून अर्ज निकाली निघतो. प्रत, यादी, तारीख एवढंच मागायचं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपये. ‘माहिती निरंक आहे’, म्हणजे काहीच नाही, असं उत्तर आलं तर नाराज होऊ नका. सही-शिक्क्यानिशी आलेलं ‘निरंक’ हा पुढच्या सगळ्या कामातला सर्वांत उपयोगी कागद आहे.

असाच दुसरा अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात द्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली मंजूर पदं, भरलेली पदं, ग्रामीण रुग्णालयांतल्या भेटींच्या तारखा, आणि अठरा वर्षांखालच्या रुग्णांची फक्त संख्या. नावं मागायची नाहीत.

गावातल्या मुलांशी बोलून आपणच सर्वेक्षण करू, असं पुष्कळांच्या मनात येतं. जपून. मुलांच्या हातात ‘तुला मरावंसं वाटतं का’ असली प्रश्नावली देणं हे आपलं काम नाही. पालक आणि शिक्षकांकडून साध्या गोष्टी विचारा: कोण शाळेत यायचं बंद झालं, कोण जेवत नाही, कोण रात्री दचकून उठतं. बोलता बोलता एखाद्या मुलाने काही सांगितलंच, तर त्या क्षणी निवेदन बाजूला ठेवायचं. टेली-मानस १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. मुलावर अत्याचार होत असेल तर १०९८. लैंगिक अत्याचाराची माहिती कळूनही पोलिसांना न कळवणं हा पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे, मग ‘गावाची बदनामी’ म्हणून कोणी कितीही आडवं येवो.

चौथी पायरी: ठराव

एकट्या माणसाचं निवेदन आणि ठरावाची प्रत जोडलेलं निवेदन यांत कार्यालय फरक करतं. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असा कायदाच आहे. तिची बैठक बहुतेक ठिकाणी सह्यांचं रजिस्टर फिरवून होते, ही गोष्ट वेगळी. पण रजिस्टर आहे म्हणजे ठराव लिहिता येतो, आणि तो शाळा विकास आराखड्यात घालता येतो.

‘ठराव क्र. ... : शाळेतील विद्यार्थ्यांना समुपदेशन सेवा उपलब्ध नाही. केंद्रशाळेत आठवड्यातून एक दिवस समुपदेशक उपलब्ध करून द्यावा, तोपर्यंत जिल्हा मानसिक आरोग्य पथकाची दरमहा एक भेट निश्चित करावी, अशी शिफारस मा. गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे करण्यात येत आहे. सूचक ... अनुमोदक ... सर्वानुमते मंजूर.’

एका केंद्रातल्या सगळ्या शाळांनी हाच ठराव, हेच शब्द ठेवून घेतला तर गटशिक्षणाधिकाऱ्याकडे गठ्ठा जातो. गठ्ठ्याला वजन असतं. ग्रामसभेतही तोच ठराव घ्या, आणि आधी महिला ग्रामसभेत घ्या. बाया हा विषय पटकन उचलतात.

ग्रामसभेत एक प्रश्न येणारच: ‘आमचं पोरगं काय येडं हाय का?’ या प्रश्नावर हसायचं नाही आणि भाषणही द्यायचं नाही. ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द पहिल्या दहा मिनिटांत न वापरलेलाच बरा. ‘दादा, पोरगं दिवाळीपासून शाळेत येईना, मास्तरला कारण सांगेना. त्याच्याशी निवांत बसून बोलणारं एक माणूस आठवड्यातून एकदा शाळेत आलं तर तुमची हरकत आहे का?’ असं विचारा. हरकत क्वचितच कोणाची असते.

शिक्षकांना आधीपासून बरोबर घ्या, पण त्यांच्या डोक्यावर आणखी एक ओझं येणार नाही असं ठरावातच लिहा. मतदार यादीची (बीएलओची) कामं, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी यांतून त्यांची सुटका नाही. आणि शासनाला सगळ्यांत स्वस्त पडणारं उत्तर ठरलेलं असतं: शिक्षकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं आणि त्यांनाच समुपदेशक म्हणायचं. प्रशिक्षण हवंच, कारण मूल अडचणीत आहे हे पहिल्यांदा शिक्षकालाच दिसतं. पण ते पदाच्या बदल्यात पदरात पाडून घेऊ नका.

पाचवी पायरी: निवेदन

एक पान. वर विषय, मध्ये तीन परिच्छेद, खाली जोडपत्रांची यादी. सुरुवातीला ‘आजच्या धावपळीच्या युगात’ नको. पहिल्या परिच्छेदात तालुक्याचे आकडे माहिती अधिकाराच्या पत्राच्या क्रमांकासह. दुसऱ्यात कोणता निर्देश वा कलम. तिसऱ्यात मागणी, आणि ती अशी:

‘तरी (१) तालुक्यातील प्रत्येक केंद्रासाठी एक समुपदेशक कंत्राटी तत्त्वावर नियुक्त करण्याचा प्रस्ताव समग्र शिक्षेच्या पुढील वार्षिक आराखड्यात समाविष्ट करावा, (२) प्रस्ताव सादर केल्याची तारीख व जावक क्रमांक आम्हांस कळवावा, (३) तोपर्यंतच्या भेटींचे वेळापत्रक जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याशी समन्वयाने ३० दिवसांत निश्चित करावे.’

‘कंत्राटी’ शब्दाने काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. माझ्याही पडतात. पण कायम पद म्हणजे पदनिर्मिती, आकृतिबंध (मंजूर पदांचा आराखडा), वित्त विभागाची मान्यता आणि सचिवांची उच्चस्तरीय समिती, यात वर्षं जातात. समग्र शिक्षा किंवा राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या आराखड्यातून कंत्राटी माणूस त्या मानाने लवकर येतो. दोन्ही मागण्या करा, पण वेगवेगळ्या कागदांवर: कंत्राटी पदाची मागणी जिल्ह्याकडे, कायम पदाची मंत्रालयाकडे.

निवेदन टपालात टाकू नका आणि साहेबांच्या हातातही देऊ नका. आधी आवक शाखेत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, मग ती प्रत घेऊन साहेबांना भेटा. आठ-दहा दिवसांनी फोन करून एवढंच विचारा: ‘आवक क्रमांक अमुक, कोणत्या टेबलाला आहे?’

सहावी पायरी: कोणाच्या दारात, केव्हा

गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी ही शिडी सगळ्यांना माहीत आहे. त्यावर विभागीय उपसंचालक, पुण्याला शिक्षण आयुक्त, मुंबईला शालेय शिक्षण विभाग. विसरलं जातं ते बाजूचं दार, जिल्हाधिकारी. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशातली देखरेख समिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली आहे. ‘समिती स्थापन झाल्याच्या आदेशाची आणि बैठकांच्या इतिवृत्ताची प्रत मिळावी’ हा दोन ओळींचा अर्ज लातूर आणि नांदेडमध्ये तर आधी द्यायला हवा. समिती असेल तर तिच्यात पालकांचा प्रतिनिधी घ्या म्हणा. नसेल तर स्थापन करा म्हणा.

लोकशाही दिनात हा विषय नेऊ नका. तिथे वैयक्तिक तक्रार लागते, धोरणाची मागणी पहिल्याच नजरेत परत येते.

पैशासाठी जिल्हा नियोजन समिती. अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. नावीन्यपूर्ण योजनांसाठी तिच्याकडे तरतूद असते, आणि जिल्ह्यातल्या पाच-दहा केंद्रांत प्रयोग म्हणून समुपदेशक नेमण्याचा प्रस्ताव त्यात बसू शकतो. प्रस्ताव मात्र खात्याकडूनच यावा लागतो, म्हणून शिक्षणाधिकाऱ्यांना आधी गाठायचं.

वेळ चुकली की वर्ष गेलं. विभागांचे पुढच्या वर्षाचे अंदाज दिवाळीच्या आसपास तयार होतात, जिल्हा नियोजनाचे आराखडे हिवाळ्यात ठरतात, आणि मार्चमध्ये अर्थसंकल्प येतो तेव्हा आकडे बसलेले असतात. फेब्रुवारीत जाग येऊन निवेदन दिलं तर साहेब खरंच मनापासून म्हणतात, ‘पुढच्या वर्षी बघू.’ ऊसतोड कामगारांच्या मुलांचं तर याहून आधी: हंगामी वसतिगृहात सहा महिन्यांसाठी समुपदेशकाच्या भेटी हव्या असतील तर मागणी पोळ्याच्या आत टेबलावर पाहिजे. कोयता निघाल्यावर आईबाप सहीलाही सापडत नाहीत.

सातवी पायरी: आमदार

मराठवाड्यातून विधानसभेत ४६ आमदार जातात. शिवाय विधान परिषदेत आपल्या विभागाचे शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघाचे आमदार असतात, आणि या विषयावर शिक्षक आमदार बरेचदा जास्त कामाला येतात, कारण शिक्षण विभागाचा आकृतिबंध त्यांना तोंडपाठ असतो.

आमदाराकडे निवेदन घेऊन जाऊ नका, प्रश्न लिहून घेऊन जा. तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची, सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते, म्हणून पीएंना महिना-दीड महिना आधी भेटायचं. मजकूर सभागृहाच्या भाषेत:

‘सन्माननीय शालेय शिक्षण मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय: (१) अमुक जिल्ह्यातील शंभरपेक्षा अधिक पट असलेल्या शाळांपैकी इतक्या शाळांत समुपदेशक नियुक्त नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, नियुक्तीबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

इथे कारण विचारता येतं. माहिती अधिकारात जे चालत नाही ते सभागृहात चालतं. त्या आकड्याच्या जागी तुमचा ‘निरंक’ जातो आणि सोबत पत्राची प्रत. घटना ताजी असेल तर लक्षवेधी सूचना, डिसेंबरात नागपूरला किंवा पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या असतील तर त्यावरच्या चर्चेत दोन वाक्यं. मंत्री उत्तरात ‘तपासून कार्यवाही करू’ म्हणाले की ते आश्वासन ठरतं, आणि त्याच्या पाठपुराव्याला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. कार्यवृत्तातलं ते पान काढून ठेवा.

आमदार कोणत्या पक्षाचा, याकडे बघू नका. सत्ताधाऱ्याकडून बैठक लागते, विरोधकाकडून प्रश्न लागतो. दोन्ही पाहिजेत.

वर्तमानपत्राबद्दल थोडं

जिल्हा आवृत्तीत चार कॉलम आले की कार्यालय दुसऱ्या दिवशी खुलासा तयार करतं, हे खरं. पण बातमी आकड्यांची द्या, मुलाची नको. मुलाचं नाव, शाळा, गाव, वडिलांची आत्महत्या, फोटो, यांतलं काहीही नको. संरक्षणाची गरज असलेल्या किंवा अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याने आणि पॉक्सोने गुन्हा आहे. आत्महत्या कशी झाली याचं वर्णन तर अजिबात नको, त्याने दुसऱ्या पोरांना धोका होतो. वार्ताहराला हे आधी सांगा आणि बातमीच्या शेवटी १४४१६ छापायला लावा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरही हेच नियम.

फाइल अडली तर

अडतेच. पहिल्यांदा माहिती अधिकारातूनच त्या फाइलची टिपणी मागा: ‘आवक क्रमांक अमुकवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत.’ कोणत्या टेबलावर कोणता शेरा पडला ते त्यात दिसतं, आणि अडचण बहुधा छोटी निघते. ‘अभिप्राय अप्राप्त’, ‘तरतूद उपलब्ध नाही’, ‘वरिष्ठ कार्यालयाचे मार्गदर्शन मागविले’. शेरा कळला की भेट कोणाची घ्यायची ते कळतं. अभिप्राय अडला असेल तर ज्या कार्यालयाने तो द्यायचा तिथे जायचं. तरतूद नसेल तर जिल्हा नियोजन समितीकडे वळायचं. मार्गदर्शन मागवलं असेल तर आयुक्त कार्यालयाला त्याच पत्राचा संदर्भ देऊन स्मरणपत्र लिहायचं.

शाळेत मुलाला मारहाण किंवा मानसिक छळ होत असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तीन महिन्यांत निर्णय द्यावा असं कायदा म्हणतो. त्यावर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. कोचिंगमधली गोष्ट असेल तर केंद्र सरकारची जानेवारी २०२४ ची कोचिंगविषयक मार्गदर्शक तत्त्वं आणि न्यायालयाचे निर्देश दोन्ही जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, हे त्या तत्त्वांत आहे.

जनहित याचिका शेवटी. संभाजीनगरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, मुंबई गाठावी लागत नाही. पण न्यायालय पहिलं विचारणार, ‘आधी कोणाकडे गेला होता?’ तेव्हा आवक क्रमांक, ‘निरंक’, ठरावांचा गठ्ठा आणि सभागृहातलं उत्तर हाच तुमचा पुरावा. वकिलांकडे जाताना तारखेवार फाइल लावून न्या, त्यांचं अर्धं काम होतं.

पद मिळालं तर

इथे बहुतेक जण सत्काराच्या तयारीला लागतात. नियुक्तीपत्र आल्यावर तीन गोष्टी बघा. समुपदेशकाला केंद्रशाळेत दार लागेल अशी खोली मिळाली का? व्हरांड्यात, चार मास्तरांसमोर कुठलं पोरगं बोलणार नाही. नेमणूक झालेल्या माणसाला तालुक्याच्या कार्यालयात ऑनलाइन माहिती भरायला तर बसवलं नाही ना? आणि त्याच्या भेटीचा वार शाळेच्या फलकावर लिहिलाय का, पोरांना माहीत आहे का? शाळा व्यवस्थापन समितीच्या मासिक बैठकीत ‘समुपदेशकाची भेट: झाली/नाही, तारीख’ अशी एक ओळ कायमची घाला. पोरांची नावं किंवा ती काय बोलली हे त्या रजिस्टरात येता कामा नये. सलग दोन महिने ‘नाही’ आलं तर तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गटशिक्षणाधिकाऱ्याकडे पत्र, आणि त्यावर नवा आवक क्रमांक. कंत्राट अकरा महिन्यांचं असेल तर मुदतवाढीची मागणी आठव्या महिन्यात करायची.